मेलिंग लिस्ट जुन्या सर्व्हरवरून नव्यावर, एकेक करून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलमन हा मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना जाणारी मेल) चालवणारा प्रोग्राम. त्याच्या जुन्या आवृत्तीवर, मेलमन २ वर, वर्षानुवर्षं चाललेल्या लिस्टा मेलमन ३ वर नेण्याचं काम मी बऱ्याच ठिकाणी केलंय: माजी विद्यार्थ्यांचे गट, परदेशातली मंडळं, एक-दोन संशोधन संस्था. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. बहुतेक उत्तरांत मेल सर्व्हर पोस्टफिक्स (टपाल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्राम) आहे असं धरलंय. वरून खाली वाचायची गरज नाही, पण प्रश्न ७ आणि ८ वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

१. लिस्ट हलवायची म्हणजे नेमकं काय काय हलवायचं?

चार गोष्टी. सभासदांची यादी, लिस्टच्या सेटिंग, जुन्या पत्रांचा साठा म्हणजे आर्काइव्ह, आणि लिस्टच्या पत्त्यावर येणारी टपाल. पहिल्या तीन म्हणजे फाइली आहेत, त्या उचलून नेता येतात. मेलमन २ मध्ये सभासद आणि सेटिंग दोन्ही लिस्टच्या फोल्डरमधल्या 'कॉन्फिग डॉट पीसीके' या एकाच फाइलीत असतात आणि आर्काइव्ह एका 'एमबॉक्स' फाइलीत. चौथी गोष्ट म्हणजे टपालाची वाट बदलणं, आणि सगळी डोकेदुखी तिथेच आहे. पाचवीही एक आहे, ती कुठल्याच फाइलीत सापडत नाही: जुन्या सर्व्हरने मोठ्या मेल कंपन्यांकडे कमावलेली पत. तिच्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

२. सगळं सुरळीत चाललंय की. मग हात कशाला लावायचा?

कारण खालची जमीन सरकली आहे. मेलमन २ फक्त पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेलमन २ चं पॅकेजच नाही. म्हणजे लिस्ट चालू ठेवायची तर ऑपरेटिंग सिस्टिमही जुनीच ठेवावी लागते, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. शिवाय मेलमन २ सभासदांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवतं आणि दर महिन्याच्या १ तारखेला ते उघड मेलने आठवण म्हणून पाठवतं. बऱ्याच जणांनी तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे वापरलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

३. एका रात्रीत सगळं उरकलं तर काय बिघडलं? हळूहळू कशाला?

तीन-चार लिस्टा असतील तर खुशाल एका रात्रीत उरका. वीस-पंचवीसच्या पुढे गेलात की नको. प्रत्येक लिस्टची काही ना काही खोड असते, आणि सगळ्या खोड्या एकाच सोमवारी सकाळी अंगावर आल्या तर कोणती तक्रार कशामुळे आली हेच कळत नाही.

मोठ्यांनीही हे टप्प्याटप्प्यानेच केलंय. विकिमीडियाने २०२१ मध्ये आपल्या लिस्टा गटागटाने मेलमन ३ वर नेल्या. लिनक्स कर्नलच्या लिस्टा ज्या व्हीजर सर्व्हरवर १९९० च्या दशकापासून मेजरडोमो या जुन्या लिस्ट-प्रोग्रामवर चालत होत्या, त्या २०२३ च्या शेवटच्या महिन्यांपासून थोड्या थोड्या करून नव्या यंत्रणेवर आल्या. पायथनच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवर तर मेलमन २ आणि ३ एकाच डोमेनवर कित्येक वर्षं शेजारी शेजारी नांदले. पायथनवाल्यांनाच घाई नव्हती, तर आपल्याला कशाला?

४. पहिली लिस्ट कुठली घ्यावी?

बहुतेक जण सगळ्यात मेलेली लिस्ट निवडतात. तिथे कोणी लिहीत नाही, म्हणून काही बिघडलं तरी कोणाला कळत नाही, आणि मग काही कळतच नाही. त्यापेक्षा चाळीस-पन्नास जणांची बोलकी लिस्ट घ्या. तिथे एखादी व्यक्ती हटकून अशी असते की मथळ्यातला एक कंस हलला तरी तासाभरात पत्र येतं. अशा माणसाला आधी विश्वासात घ्या, त्याच्यासारखा तपासनीस पैसे देऊन मिळणार नाही.

त्यानंतर मध्यम लिस्टा. हजारो सभासदांची एकतर्फी घोषणा-लिस्ट शेवटी, कारण तिचं एक पत्र म्हणजे नव्या सर्व्हरवरून एका झटक्यात हजारो मेल (प्रश्न १५). एकमेकींशी बांधलेल्या लिस्टांसाठी प्रश्न २० पाहा.

५. सभासदांना पुन्हा नाव नोंदवावं लागेल का?

नाही. नव्या सर्व्हरवर त्याच नावाची लिस्ट तयार करायची आणि मेलमन ३ ची 'इम्पोर्ट२१' ही आज्ञा जुन्या पीसीके फाइलीवर चालवायची. सभासद, मालक, मॉडरेटर, कोण रोजचा गठ्ठा (दिवसभराची पत्रं एकाच मेलमध्ये) घेतो, कोणी पत्रं तात्पुरती बंद ठेवली आहेत, हे सगळं येतं. 'कृपया सर्वांनी नवीन लिंकवर नोंदणी करावी' असं पत्र पाठवणं हा लिस्ट अर्धी करण्याचा हमखास मार्ग आहे.

६. आणि पासवर्डचं काय?

जुने पासवर्ड नव्या वेब-पानांवर चालत नाहीत आणि चालूही नयेत. मेलमन ३ मध्ये प्रत्येक लिस्टला वेगळा पासवर्ड नसतो, माणसाचं एक खातं असतं. सभासदाने पोस्टोरियस या वेब-पानावर आपल्या त्याच ईमेल पत्त्याने खातं उघडलं, आलेल्या मेलमधून पत्त्याची खात्री केली, की त्याच्या सगळ्या लिस्टा समोर दिसतात. घरचा आणि ऑफिसचा असे दोन पत्तेही एकाच खात्याला जोडता येतात. ज्याला फक्त पत्रं वाचायची आणि लिहायची आहेत, त्याने खातं नाही उघडलं तरी काही अडत नाही. हे घोषणेच्या पत्रात ठळक लिहा, नाहीतर निवृत्त सभासदांचे फोन येत राहतील.

७. डोमेन एक, सर्व्हर दोन. कुठलं पत्र कुठे जायचं हे कसं ठरतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे. आणि पहिली चुकीची कल्पनाही ठरलेली: 'एमएक्समध्ये दोन्ही सर्व्हर टाकू.' तसं चालत नाही. एमएक्स म्हणजे डोमेनची टपाल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी डीएनएसमधली (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतली) नोंद. ती डोमेनपुरती असते, ॲटच्या डावीकडे काय लिहिलंय ते डीएनएसला दिसत नाही. दोन सर्व्हर टाकले तर पाठवणारा त्यातला कुठलाही निवडू शकतो.

म्हणून एक सर्व्हर दारात उभा करायचा. सगळी टपाल त्याच्याकडे येते आणि तो पत्त्यागणिक वाटतो. पोस्टफिक्समध्ये हे काम ट्रान्सपोर्ट तक्ता करतो: डावीकडे लिस्टचा पूर्ण पत्ता, उजवीकडे 'रिले' आणि दुसऱ्या सर्व्हरचं नाव. पूर्ण पत्त्याची ओळ डोमेनच्या ओळीआधी पाहिली जाते, म्हणून हलवलेल्या लिस्टांपुरत्या ओळी लिहिल्या की बाकीच्या जागच्या जागी राहतात.

दारात कोणाला उभं करायचं? सुरुवातीला जुन्यालाच, कारण मग डीएनएसमध्ये काहीच बदलावं लागत नाही. निम्म्याहून जास्त लिस्टा पलीकडे गेल्या की एमएक्स नव्या सर्व्हरकडे वळवा आणि उरलेल्या लिस्टांची टपाल तिथून उलटी जुन्याकडे पाठवा. एमएक्स बदलण्याच्या दोनेक दिवस आधी त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद जपून ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणा.

तीन खड्डे. एक, दारातल्या सर्व्हरला ते पत्ते खरे आहेत हे माहीत हवं, नाहीतर वाटप करायच्या आधीच तो 'असा कोणी इथे राहत नाही' म्हणून पत्र परत पाठवतो. दोन, मागच्या सर्व्हरला प्रत्येक पत्र दारातल्या सर्व्हरकडूनच आलेलं दिसतं. तिथे एसपीएफ तपासणी (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, ही) चालू असेल तर जवळजवळ सगळंच नापास होईल, म्हणून दारातल्या सर्व्हरचा आयपी त्या तपासणीतून वगळा. तीन, एमएक्स फिरवताना जुन्या तक्त्यातल्या ओळी विसरलात तर दोन्ही सर्व्हर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. पन्नास फेऱ्यांनंतर पोस्टफिक्स पत्र परत करतं, पण तोवर लॉग वाचवत नाही.

८. लिस्टचा पत्ता एकच. मग तक्त्यात एवढ्या ओळी कशाला?

कारण पत्ता एक नाही. लिस्टच्या नावापुढे जोडरेघ देऊन रिक्वेस्ट, जॉइन, लीव्ह, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब, ओनर, बाउन्सेस, कन्फर्म असे पत्ते असतात. जुन्या मेलमनमध्ये ॲडमिनही होता, आणि कोणाच्या तरी वहीत तोच लिहिलेला असतो. मुख्य पत्ता हलवला आणि बाकीचे राहिले, तर पत्रं वरवर नीट फिरतात, पण परत आलेल्या पत्रांच्या सूचना जुन्या सर्व्हरवर पडतात. नव्याला वाटतं, सगळे पत्ते ठणठणीत आहेत.

हे मी स्वतः करून बसलोय. तीन आठवडे बाउन्सेसचा पत्ता जुन्या सर्व्हरकडे जात होता, आणि नवा सर्व्हर बंद पडलेल्या पत्त्यांवर इमानेइतबारे पत्रं पाठवत होता.

बाउन्सेस आणि कन्फर्म यांच्या पत्त्यांत अधिकचं चिन्ह देऊन पुढे सभासदाचा पत्ता किंवा सांकेतिक शब्दही जोडलेला येतो. तेव्हा हाताने ओळी लिहिण्यापेक्षा प्रत्येक लिस्टसाठी एक नियमित-राशी, म्हणजे रेगेक्स, लिहिणं शहाणपणाचं. फक्त 'नाटक' या लिस्टसाठी लिहिलेला नियम 'नाटक-तालीम' नावाच्या लिस्टलाही ओढून नेत नाही ना, ते तपासा.

९. नेमक्या हलवण्याच्या वेळेला आलेली पत्रं हरवतात का?

घाबरू नका, ईमेल या बाबतीत मोठा सोशिक आहे. समोरचा सर्व्हर तात्पुरता नकार देतो तेव्हा पाठवणाऱ्याने पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा असतो आणि निदान चार-पाच दिवस हार मानायची नसते, असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल-देवाणघेवाणीच्या पद्धतीचं, मानकच सांगतं.

तरी मी दुसऱ्यांच्या रांगेवर विसंबत नाही. ट्रान्सपोर्ट तक्त्यात त्या लिस्टच्या पत्त्यांसमोर तासाभरासाठी 'रिट्राय' लिहितो. पत्रं येतात, आपल्याच रांगेत थांबतात. मग जुन्या मेलमनच्या रांगा रिकाम्या होऊ देतो, अडकलेलं निपटतो (प्रश्न १०), फाइली उचलतो, नव्यावर आयात करतो, एक चाचणी पत्र पाठवतो. ते पोचलं की 'रिट्राय'च्या जागी 'रिले' लिहून रांग सोडतो. पोस्टफिक्स प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी तक्ता नव्याने पाहतं, त्यामुळे थांबलेली पत्रं आपोआप नव्या वाटेने जातात. सभासदांना एवढंच दिसतं, की आज पत्र अर्धा तास उशिरा आलं.

१०. मंजुरीसाठी थांबलेली पत्रं आणि अर्धवट गठ्ठे?

येत नाहीत. मॉडरेटरसमोर अडकलेली पत्रं, मंजुरीची वाट पाहणाऱ्या नोंदणीच्या विनंत्या, अजून न गेलेला रोजचा गठ्ठा, हे सगळं जुन्या सर्व्हरवरच राहतं. हलवण्याच्या आदल्या दिवशी मॉडरेटरला फोन करून रांग रिकामी करून घ्या आणि गठ्ठा हाताने पाठवून टाका. त्या रांगेत कधी कधी दोन-दोन वर्षांपूर्वीची पत्रं निघतात. ती आता मंजूर करू नका, एवढीच विनंती.

११. आर्काइव्ह कसा न्यायचा?

मेलमन ३ मध्ये आर्काइव्हचं काम हायपरकिटी करतं. एमबॉक्स फाइल त्याच्या आयात-आज्ञेला द्यायची आणि नंतर त्या लिस्टची शोधसूची बनवून घ्यायची. त्याआधी दोन गोष्टी. एमबॉक्समध्ये प्रत्येक पत्राची सुरुवात 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने आणि त्यापुढच्या रिकाम्या जागेने ओळखतात. कोणाच्या मजकुरातली ओळच तशी सुरू झाली असेल तर एका पत्राची दोन होतात. जुन्या मेलमनबरोबर येणारं 'क्लीनआर्क' हे साधन अशा ओळी दुरुस्त करतं. आणि हायपरकिटीबरोबर फाइल आधी तपासणारं साधन मिळतं, ते चालवा.

आयात लिस्ट चालू करण्याआधी करा. नवी पत्रं येऊन पडल्यावर जुना साठा घालायला गेलात तर हायपरकिटी शेवटच्या पत्राच्या तारखेपुढचंच काय ते घेतं, आणि वीस वर्षांचा साठा पाहता पाहता 'शून्य पत्रं आयात' होतो. तसं झालंच तर 'सिन्स' या पर्यायाला एखादी फार जुनी तारीख द्या.

१२. जुन्या पत्रांच्या लिंका लोकांनी ठिकठिकाणी दिल्या आहेत. त्या मोडतील?

जुनी पानं पुसली तर मोडतील. म्हणून पुसू नका. मेलमन २ मधला आर्काइव्ह बनवणारा पायपरमेल पत्रांना नुसते क्रम देतो, पत्राची स्वतःची अशी ओळख त्या लिंकेत नसते, त्यामुळे जुन्या लिंकेवरून नवी लिंक काढायला सरळ सूत्र नाही. सोपा उपाय: जुनी एचटीएमएल पानं आहेत तशी, त्याच वेब-पत्त्यावर, फक्त वाचण्यासाठी ठेवून द्या. त्यांना ना पायथन लागतं ना मेलमन, कुठलाही वेब सर्व्हर ती दाखवतो. जुना आर्काइव्ह 'स्वच्छ' करून पुन्हा बनवायच्या फंदात पडू नका. मधलं एक पत्र काढलं तरी पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

हायपरकिटीच्या लिंका मात्र पत्राच्या मेसेज-आयडीवरून (प्रत्येक पत्राची स्वतंत्र खूण) बनतात, म्हणून साठा पुन्हा आयात केला तरी त्या त्याच राहतात.

१३. मराठी पत्रांच्या जागी अगम्य चिन्हं किंवा नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. काय करू?

आधी दोन्हींत फरक करा. अगम्य चिन्हं असतील तर मजकूर सुखरूप आहे. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पत्राच्या मथळ्यात, म्हणजे वरच्या तांत्रिक ओळींत, कॅरसेट (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ती नोंद) चुकीचा असेल किंवा नसेलच, तर ते तीन बाइट तीन वेगळी युरोपीय अक्षरं म्हणून दिसतात. अशा पत्रांच्या एमबॉक्समधल्या मथळ्यात कॅरसेट दुरुस्त करून पुन्हा आयात केली की मराठी परत येते. मूळ एमबॉक्सची प्रत जपून ठेवा.

प्रश्नचिन्हं मात्र वाईट. मेलमन २ मध्ये लिस्टची भाषा इंग्रजी असेल तर तिचा कॅरसेट यूएस-आस्की असतो, आणि गठ्ठ्यात किंवा तळटिपेत देवनागरी बसवताना त्याची प्रश्नचिन्हं होतात. तिथे मूळ अक्षरं उरलेलीच नसतात. तुम्ही पाहताय तो गठ्ठा असेल तर एमबॉक्समधलं मूळ पत्र शोधा, ते बहुधा शाबूत असतं. नव्या सर्व्हरवर भाषेचा कॅरसेट यूटीएफ-८ आहे याची पहिल्याच दिवशी खात्री करा.

आणखी एक प्रकार: युनिकोड रुळण्याआधी शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लिहून पाठवलेली पत्रं. ती रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात, कारण खरोखरच रोमन अक्षरंच साठवलेली आहेत, फाँट फक्त मुखवटा चढवत होता. सर्व्हर याबाबत काही करू शकत नाही. पत्र जसंच्या तसं न्या आणि हवं असेल तर रूपांतरित मजकूर वेगळा ठेवा.

१४. इंग्रजी पत्रं सरळ जातात आणि मराठी मात्र 'आकार मोठा' म्हणून अडकतात. हा भेदभाव का?

हिशेब करून पाहा, मजा आहे. मेलमनमध्ये पत्राच्या आकाराची मूळ मर्यादा ४० केबी. देवनागरी चिन्ह तीन बाइट. मेल पाठवताना ते 'कोटेड-प्रिंटेबल' पद्धतीने बांधलं तर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'मी' या एवढ्याशा शब्दात दोन चिन्हं, झाले १८ बाइट. या हिशेबाने ४० केबीत साधारण साडेचार हजार चिन्हं मावतात. त्यात बहुतेक मेल प्रोग्राम साध्या मजकुराबरोबर एचटीएमएल प्रतही जोडतात, म्हणजे निम्मीच राहिली. खाली आधीच्या चार जणांची उत्तरं तशीच ठेवली असतील तर संपलंच. 'बेस६४'ने बांधलं तर एका चिन्हाला चार बाइट, तेवढाच दिलासा.

मराठी लिस्टसाठी मी मर्यादा २०० केबी ठेवतो. दिवाळी अंकाची पीडीएफ मग लिंक देऊनच पाठवायची.

१५. हलवल्यापासून सगळी पत्रं जीमेलच्या स्पॅममध्ये. काय चुकलं?

बहुधा काही चुकलं नाही, नव्या आयपीला कोणी ओळखत नाही एवढंच. जुन्या सर्व्हरने वर्षानुवर्षं वागून पत कमावलेली असते, नवा सर्व्हर म्हणजे गावात काल आलेला उधारी मागणारा. टप्प्याटप्प्याने हलवण्याचं माझ्या मते सगळ्यात पक्कं कारण हे आहे: पहिल्या आठवड्यात रोज शंभरेक मेल, मग पाचशे, मग हजारो, अशी सवय लागू द्यायची.

हलवण्याच्या आधीच करायची कामं: एसपीएफ नोंदीत नवा आयपी जोडा, जुना काढू नका. आयपीची उलटी डीएनएस नोंद सर्व्हरच्या नावाशी जुळवा. लिस्टच्या डोमेनची डीकेआयएम सही (पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे दाखवणारी) चालू करा. आणि मेलेले पत्ते जुन्या सर्व्हरवरच छाटून टाका. व्हीएसएनएलच्या काळातले पत्ते अजून यादीत असतील तर नव्या आयपीची पहिली ओळख 'अस्तित्वात नसलेल्यांना लिहिणारा' अशी होते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पहिल्या दोन तपासण्यांत नापास पत्राचं काय करायचं हे डोमेनने सांगण्याची सोय) तिन्ही मागतं. 'आम्ही कुठे एवढे पाठवतो?' असं म्हणू नका. जीमेलवाले हजार सभासद आणि दिवसाला पाच पत्रं, की झाले ५,०००.

१६. पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता लिस्टचा पत्ता दिसतो. हे कोणी बदललं?

डीमार्कमुळे करावं लागतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं, की याहूच्या पत्त्यावरून आलेलं पण याहूने न पाठवलेलं पत्र सरळ नाकारा. पाठोपाठ एओएलनेही तेच केलं. मेलिंग लिस्ट नेमकं हेच करते: दुसऱ्याच्या नावाने पत्र पुढे पाठवते, वर मथळ्यात लिस्टचं नाव आणि तळाशी टीप घालून मूळ सहीही मोडते. म्हणून अशा पत्रांत प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याची सोय मेलमनमध्ये आली. जुन्या सर्व्हरवर ती बंद असून काम भागत असेलही, नव्यावर भागणार नाही. उत्तर देताना ते खाजगी जातंय की लिस्टवर, हे चार दिवस नीट पाहायला सांगा. खाजगी टोमणा चारशे जणांना गेल्याची उदाहरणं आहेत.

१७. मी लिस्टसाठी वेगळा फोल्डर केलाय. ते फिल्टर चालू राहील का?

नाव आणि डोमेन तेच असेल तर हो, कारण फिल्टर ज्यावर चालतात ती 'लिस्ट-आयडी' ओळ लिस्टच्या नावावरून आणि डोमेनवरून बनते. डोमेन बदलत असेल तर नाही. डोमेन आणि सर्व्हर दोन्ही एकाच वेळी बदलू नका, हा माझा आग्रह. बदलायचंच असेल तर सहा महिन्यांचं अंतर ठेवा. फक्त प्रेषकाच्या पत्त्यावर बेतलेली फिल्टरं मात्र प्रश्न १६ मुळे चुकू शकतात.

१८. नवा सर्व्हर क्लाउडवर घेतला, पण बाहेर एकही मेल जात नाही.

पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, बंद असेल. ॲमेझॉनच्या ईसी२ वर ते सुरुवातीला बंद असतं आणि विनंती करून उघडून घ्यावं लागतं. गूगल क्लाउडवरून बाहेरच्या सर्व्हरकडे पोर्ट २५ वापरता येत नाही, ५८७ वरून एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवावं लागतं. सर्व्हरचे पैसे भरण्याआधी हा एक प्रश्न विचारा.

१९. काही सभासदांना प्रत्येक पत्र दोनदा येतंय.

लिस्ट दोन्हीकडे जिवंत आहे. हलवल्यावर जुन्या सर्व्हरवर ती बंद करायला हवी: मेलमन २ मधून लिस्ट काढा, पण आर्काइव्ह काढण्याचा पर्याय देऊ नका. कधी कधी कारण वेगळं निघतं, एकाच माणसाचे दोन पत्ते एकाच पेटीत येत असतात. मथळे उघडून पत्र कुठल्या सर्व्हरवरून आलं ते पाहा, अंदाज बांधत बसू नका.

२०. एक लिस्ट दुसरीची सभासद आहे. अर्धी हलवली तर?

छत्री लिस्ट, म्हणजे 'सर्व शाखा' या लिस्टचे सभासद म्हणजे प्रत्येक शाखेची लिस्ट. पत्रं पत्त्यावरच जातात, त्यामुळे वाट बरोबर असेल (प्रश्न ७) तर ती पोचतात. अडतं ते परवानगीत. मेलमन २ मध्ये 'त्या लिस्टच्या सभासदांची पत्रं सोडा' असं नुसतं ॲट आणि लिस्टचं नाव देऊन लिहिता येतं, पण ती लिस्ट त्याच सर्व्हरवर असावी लागते. ती पलीकडे गेली की नियम मुकाट्याने निकामी होतो आणि पत्रं मॉडरेटरकडे साचतात. म्हणून असं कुटुंब एकाच दिवशी हलवा. हलवण्याआधी सगळ्या लिस्टांच्या सेटिंगमध्ये असे उल्लेख शोधून कागदावर नातेवाइकांचा नकाशा काढा. खरंच काढा.

२१. दोन डोमेनवर एकाच नावाच्या लिस्टा चालतील का?

मेलमन २ मध्ये नाही, मेलमन ३ मध्ये हो. जुन्या सर्व्हरवर त्यासाठी 'कार्यकारिणी२' असली नावं दिलेली असतील तर ती सुधारायचा मोह होईल. पण ते हलवून झाल्यावर, वेगळ्या दिवशी करा.

२२. आमची लिस्ट याहू ग्रुप्सवर होती. तिथली पत्रं आणता येतील का?

याहूकडून नाही. तिथला साठा २०१९ च्या डिसेंबरमध्ये काढायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद झाली. पण पत्रं सभासदांच्या पेट्यांत असतात. काहीही न पुसणारा एक सभासद प्रत्येक गटात असतो. तो जीमेलवर असेल तर गूगल टेकआउटमधून त्या लेबलची पत्रं एमबॉक्स म्हणून काढता येतात, आणि ती फाइल प्रश्न ११ प्रमाणे आयात होते. दोघा-तिघांच्या फाइली घेतल्या तरी चालतं, एकच मेसेज-आयडी असलेलं पत्र दुसऱ्यांदा घेतलं जात नाही. फक्त त्यात खाजगी पत्रव्यवहार मिसळला नाही ना, हे त्या सभासदालाच आधी बघू द्या.

२३. बिघडलं तर मागे फिरता येतं का?

पहिले दोन-तीन दिवस सहज: ट्रान्सपोर्टच्या ओळी काढल्या की टपाल जुन्याकडे. म्हणून तेवढे दिवस जुन्या लिस्टची पीसीके आणि एमबॉक्सची प्रत बाजूला ठेवा. आठवडा उलटला की मागे फिरण्यापेक्षा पुढे दुरुस्त करणं स्वस्त पडतं, कारण मधल्या काळात आलेले-गेलेले सभासद मेलमन ३ मधून मेलमन २ मध्ये हातानेच न्यावे लागतात.

२४. जुना सर्व्हर बंद कधी करायचा?

शेवटची लिस्ट हलवून महिना झाला, एमएक्स नव्याकडे आहे, आणि जुन्याच्या मेल लॉगमध्ये सलग दोन आठवडे रोबोट आणि स्पॅमखेरीज काही नाही, तेव्हा. त्याआधी ही झडती घ्या: जुन्या पानांची स्थिर प्रत नव्या जागी उघडते का (प्रश्न १२), क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) लिस्टांशी संबंध नसलेलं पण कोणीतरी कधीतरी टाकलेलं काम आहे का, आणि वेबसाइटच्या संपर्क-फॉर्मची पत्रं याच सर्व्हरमार्फत तर जात नाहीत ना. शेवटचं हटकून निघतं. एसपीएफमधून जुना आयपी सगळ्यात शेवटी काढा, आणि डिस्क पुसण्याआधी पीसीके फाइली नीट नष्ट करा, त्यात सभासदांचे उघडे पासवर्ड आहेत.